बापाचा पान्हा

गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी आंघोळीआधी बनियान काढताना उजव्या बाजूला रुपयाएवढा डाग दिसला. वाळून कडक झालेला, पिवळसर. रात्री जेवताना ताक सांडले असेल, असे म्हणून मी तो विषय सोडला. चार दिवसांनी तसाच डाग डाव्या बाजूलाही दिसला. मग न्हाणीघराची कडी नीट बसली आहे ना, हे दोनदा पाहून मी छातीवर बोट दाबले. थेंब आला. पांढरा, पातळ, दुधासारखा.

मी एकसष्ट वर्षांचा. चांदूर रेल्वेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर. अंतःस्रावी ग्रंथींची आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही काढीन. पण तो थेंब पाहिल्यावर मनात आधी शास्त्र आले नाही, लाज आली. पुढचे दोन महिने मी आत जाड सदरा घालत होतो आणि बनियान स्वतःच धूत होतो. "अजी, आजकाल तुम्ही कपडे धुवाले लागले?" असे बायकोने विचारले, तेव्हा "रिकामा तं आहो, काय करू?" असे सांगून वेळ मारून नेली.

त्या दोन महिन्यांत रात्री जागून मी पुष्कळ वाचले. पुरुषाला दूध येऊ शकते का, हा प्रश्न चारचौघांत काढला तर लोक हसतात. प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही. त्याचे सरळ उत्तर 'होय' असे आहे. मात्र ते कधी येते, का येते आणि आले तर काय समजावे, हे नीट मांडायला थोडी जागा लागते.

मुळापासून सुरुवात करू. पुरुषाला स्तनाग्रे का असतात, हा प्रश्न दरवर्षी वर्गातला एखादा धीट मुलगा विचारायचाच. गर्भ साधारण सहाव्या आठवड्यात असताना त्याच्या छातीपोटावर दोन्ही बाजूंना कातडीची एक उंच रेघ उमटते. तिला दुग्धरेषा म्हणतात. पुढे तिचा बहुतेक भाग विरून जातो आणि छातीवरचे दोन ठिपके उरतात. हे घडते तेव्हा गर्भ मुलाचा की मुलीचा, हे शरीराने अजून अमलात आणलेले नसते. मुलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन पाझरायला लागते ते त्यानंतर. म्हणजे स्तनाची पायाभरणी आधी होते आणि पुरुषपण मागून येते.

उंदरात हे वेगळे घडते. तिथे टेस्टोस्टेरॉन आले की नर पिलातला तो कोंभ मरून जातो, म्हणून नर उंदराला स्तनाग्रे नसतात. घोड्यालाही बहुधा नसतात. पण आपल्या गोठ्यात पाहा. गोऱ्ह्याला, हल्याला, बोकडाला बारीक सड असतातच. माणूस याच बाजूचा. पुरुषाच्या छातीत दुधाच्या नळ्या असतात, थोडी ग्रंथीची ऊतीही असते. नसतात ते नळ्यांच्या टोकाला लगडणारे दुधाच्या पेशींचे घोस. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, तो याच ऊतीमुळे.

आता दूध कसे येते ते पाहू. यात तीन वेगवेगळी कामे आहेत: घोस बांधणे, त्यांत दूध तयार करणे आणि ते बाहेर सोडणे. तिन्ही कामांचे मुकादम निरनिराळे आहेत.

बांधकाम इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन करतात. वयात येताना मुलीत ते सुरू होते आणि गरोदरपणात वारेतून या दोन्हींचा पूर येतो, तेव्हा पुरे होते. दूध तयार करायचे काम प्रोलॅक्टिनचे. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोगिरासारख्या खोबणीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. प्रोलॅक्टिन तिथून सुटते. युरोपातल्या जुन्या वैद्यांना वाटे की नाकातला शेंबूड इथून येतो, म्हणून त्यांनी तिला शेंबडाच्या लॅटिन शब्दावरून पिट्युटरी म्हटले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती पीयूषिका झाली. संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, आणि व्यालेल्या गाईचे पहिल्या दिवसांतले दूध, आपला चीक, हाही त्याचा अर्थ आहे. ज्याने हा प्रतिशब्द निवडला त्याच्या मनात दूध होते की अमृत, सांगता येत नाही. पण शब्द नेमका बसला आहे. १९२८ साली स्ट्रासबर्गमध्ये स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी या ग्रंथीचा अर्क सशांना टोचून दूध आणून दाखवले आणि त्यानंतर चारपाच वर्षांतच अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी प्रोलॅक्टिन हे नाव रूढ केले.

तिसरे काम सोडण्याचे. बाळ ओढू लागले की मेंदूकडे निरोप जातो आणि ऑक्सिटोसिन सुटते. ते घोसांभोवतीच्या बारीक स्नायूंना आवळते आणि दूध नळ्यांत उतरते. यासाठी मराठीत वेगळा शब्द आहेच: पान्हा. दूध असणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हे गाईम्हशी बाळगणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हावत नाही. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे उभे करीत, ते याच साठी. आजकाल काही गोठ्यांत म्हशीला इंजेक्शन देतात, तेही ऑक्सिटोसिनच. त्याने दूध वाढत नाही, आहे ते सुटते एवढेच. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध वापरतात.

प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन्ही संप्रेरके पुरुषाच्या रक्तातही असतात. सामान्य पुरुषात प्रोलॅक्टिन मिलिलिटरमागे साधारण पंधरा-वीस नॅनोग्रॅमच्या आत असते. गरोदरपणाच्या शेवटी बाईत ते दहापट किंवा त्याहूनही वर जाते. मग पुरुषात ते वाढत का नाही? कारण त्याच्यावर कायमचा ब्रेक लावलेला असतो. पीयूषिकेतली बाकीची बहुतेक संप्रेरके वरून हुकूम आला की सुटतात. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. मेंदू त्याला डोपामिन नावाच्या रसायनाने सतत दाबून धरतो. डोपामिन सैल पडले की प्रोलॅक्टिन आपोआप वर येते. हा एक मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

पुरुषाच्या आयुष्यातले पहिले दूध पुष्कळदा त्याच्या जन्मानंतर आठवडाभरातच येते. पोटात असताना आईचे इस्ट्रोजेन बाळाच्या रक्तातही असते. त्यामुळे मुलगा असो की मुलगी, छातीचे कोंभ थोडे फुगतात. जन्मानंतर नाळ तुटली की ते इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, पण बाळाचे स्वतःचे प्रोलॅक्टिन अजून वर असते. मग काही बाळांना दोनचार थेंब दूध येते. जुन्या युरोपात त्याला चेटकिणीचे दूध म्हणत. काही आठवड्यांत ते आपले आपण जाते.

माझा मुलगा १९८८ साली झाला, तेव्हा सहाव्या दिवशी त्याला असे दूध आले. घरात आमच्या एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "माय वो, पोराले दूध आलं! पिळून काहाडा लागते, नाही तं गाठ बसते." आणि तेलाचे बोट लावून त्यांनी पिळले. रोज सकाळी, आंघोळ घालताना. मी दारात उभा होतो. मला ठाऊक होते की हे करू नये. त्याच महिन्यात मी बारावीला संप्रेरके शिकवत होतो. मी एकदाच म्हणालो, "मावशी, राहू द्या ना." त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमाले शाळेतलं समजते. हे बायांचं काम हाय." मी गप्प बसलो. दहाव्या दिवशी पोराची छाती एका बाजूने लाल, गरम झाली, अंगात ताप आला. आत पू झाला होता. चीर देऊन तो काढावा लागला. ती खूण त्याच्या छातीवर आजही आहे.

मावशींचा मी राग धरत नाही. त्यांनी जे पाहिले तेच केले, आणि ही पद्धत देशात अनेक ठिकाणी आहे. पण सांगणे भाग आहे: नवजात बाळाच्या छातीला हात लावू नये. पिळल्याने दूध संपत नाही; उलट ओढ मिळाली की ते आणखी येते. शिवाय नाजूक कातडीतून जंतू आत जातात. मुलीच्या बाबतीत तर पुढे वाढायचा कोंभच जखमी होऊ शकतो. काहीच न करणे हाच उपाय. छाती लाल झाली, गरम लागली, ताप आला किंवा बाळ पिईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

मोठ्या पुरुषांच्या दुधाच्या नोंदी फार जुन्या आहेत. ॲरिस्टॉटलने लेमनॉस बेटावरच्या एका बोकडाबद्दल लिहिले आहे, की त्याच्या दुधाचे चीज करीत. बोकडाला दूध आल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही अधूनमधून येतात, मग लोक त्याला हळदकुंकू लावतात. माणसाची सर्वांत गाजलेली हकीकत अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी नोंदवली. १७९९ साली ते आजच्या व्हेनेझुएलात फिरत असताना अरेनास गावातल्या फ्रान्सिस्को लोझानो या शेतकऱ्याबद्दल त्यांनी ऐकले. बायको आजारी पडली, बाळ रडू लागले, म्हणून त्याने ते समजूत घालायला छातीशी धरले. ओढून ओढून दूध आले आणि पाच महिने त्याने ते पोर पाजले. पुढे लोझानो त्या मुलाला घेऊन हुंबोल्ट यांना भेटायला आला. मुलगा तेव्हा तेराचौदा वर्षांचा झाला होता. हुंबोल्ट यांचे सोबती बोंप्लां यांनी त्या बापाची छाती तपासली आणि पाजलेल्या बाईच्या छातीसारख्या सुरकुत्या तिथे असल्याचे सांगितले.

ही हकीकत प्रयोगशाळेतली नाही; पण त्यातले सूत्र आजच्या शास्त्राला धरून आहे. सतत ओढ मिळाली की प्रोलॅक्टिन वाढते. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली माणसाच्या वंशावळीवरच्या पुस्तकात तर असाही तर्क मांडला, की फार पूर्वी सस्तन प्राण्यांत नर आणि मादी दोघेही पिलांना पाजत असावेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर एक विचित्र आणि करुण गोष्ट दिसली. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांना पोटभर जेवण मिळू लागले आणि त्यांतल्या अनेकांच्या छात्या फुगल्या, काहींना दूध आले. कारण असे की उपासमारीत संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ती मोडणारे यकृत, दोन्ही मंदावतात. अन्न मिळाल्यावर ग्रंथी लवकर उठतात, यकृत मागे राहते. पुरुषाच्या शरीरातही थोडे इस्ट्रोजेन बनतच असते. ते मोडले न गेल्याने साचते. यकृत बिघडलेल्या दारुड्याची छाती फुगते, ती याच वाटेने.

जंगलातही एक उदाहरण सापडले. १९९२ मध्ये मलेशियात चार्ल्स फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळे खाणारी डायाक जातीची वटवाघळे पकडली. त्यांतल्या दहा प्रौढ नरांच्या स्तनांत दूध निघाले. १९९४ साली 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झाले. दूध मादीच्या मानाने अगदी थोडे होते आणि नर पिलाला पाजताना कोणी पाहिलेला नाही. पण धडधाकट, जननक्षम रानटी नरांत दूध ही साधी गोष्ट नव्हे.

आणि इतक्या दूर जायची तरी काय गरज? चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर, फलाटाच्या छपराखाली पारवे बसतात. पिलू अंड्यातून निघाले की पहिले काही दिवस पारव्याची जोडी त्याला दाणा भरवत नाही. नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीचे अस्तर जाड होऊन त्यातून दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा पदार्थ सुटतो. तोच ते पिलाच्या चोचीत ओततात. हे सस्तन प्राण्याचे दूध नव्हे, पण त्यामागचे संप्रेरक प्रोलॅक्टिनच. ऑस्कर रिडल यांनी प्रोलॅक्टिनचा अभ्यास केला तो कबुतरांवरच. नागपूर पॅसेंजरची वाट पाहत मी आयुष्यभर ज्या पाखरांच्या खाली उभा राहिलो, त्यांतला प्रत्येक नर बाप झाल्यावर दूध पाजत होता.

मग माणसाचा बाप का पाजत नाही? कारण बांधकाम झालेले नसते. नुसते प्रोलॅक्टिन वाढून पुरत नाही; त्याआधी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा लांबलचक काळ लागतो. तो दिला तर काय होते, हे २०१८ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रकरणात दिसले. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली एक ट्रान्सजेंडर स्त्री बरीच वर्षे संप्रेरके घेत होती. तिची जोडीदार गरोदर होती, पण तिला पाजायचे नव्हते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, डॉम्पेरिडोन नावाचे औषध आणि दूध काढायचा पंप, अशा उपचारांनंतर त्या स्त्रीला दिवसाला सव्वादोनशे मिलिलिटरपर्यंत दूध येऊ लागले. बाळ पहिले सहा आठवडे फक्त त्याच दुधावर वाढले. पुरुष म्हणून जन्मलेल्या शरीरातली यंत्रणा पुरी होऊ शकते, एवढे यातून स्पष्ट होते. आपोआप आलेल्या पुरुषी दुधाची तपासणीही झाली आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रोलॅक्टिन वाढलेल्या एका पुरुषाचे दूध तपासले, तेव्हा त्यातली साखर आणि प्रथिने बाईच्या चिकात व दुधात असतात त्याच पट्ट्यात निघाली.

तरी कोणी असे समजू नये, की आई गेलेल्या बाळाला बापाने छातीशी धरले म्हणजे भागेल. पुरे दूध देणारी आई दिवसाला सातआठशे मिलिलिटर देते. बापाचे दोन थेंब त्यापुढे काहीच नाहीत. बाळाची सोय दुसरीकडे आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. एका आईचे जास्तीचे दूध तपासून, तापवून दुसरीच्या बाळाला देणारी ही सोय आता इतरही ठिकाणी आहे. बापाने करायचे ते वेगळेच. कमी वजनाचे बाळ उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून तासन्‌तास धरणे, याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७०च्या दशकाअखेर ती सुरू झाली. आई आजारी असेल तेव्हा बापाची छाती ते काम करू शकते. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांत तर आई जंगलात गेली की बाप रडणाऱ्या बाळाला स्वतःची छाती चोखायला देतो. दूध नसते, पण बाळ थांबते.

बापाची संप्रेरकेही यात कोरडी राहत नाहीत. कॅनडात ॲन स्टोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की बायकोचे दिवस भरत आले की होणाऱ्या बापाच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढते आणि बाळ झाल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरते. फिलिपिन्समधल्या सहाशेवर तरुणांचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यातही बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरलेले होते, आणि मुलांना रोज तीन तास किंवा अधिक सांभाळणाऱ्यांचे सर्वांत जास्त. बाप होणे ही नुसती नात्याची बाब नाही, ती रक्तात उतरते.

हे सारे वाचूनही मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. गेलो ते भीतीने. वाचता वाचता कळले, की पुरुषाला दूध येण्याचे एक कारण पीयूषिकेतली गाठ हे असते. ही गाठ कर्करोगाची नसते, पण प्रोलॅक्टिन ओतत राहते. बाईची पाळी चुकते म्हणून तिची गाठ लवकर सापडते. पुरुषाला इच्छा कमी होणे, मूल न होणे अशी लक्षणे दिसतात, ती तो कोणाला सांगत नाही. डोके दुखू लागते, बाजूचे दिसेनासे होते, तोवर गाठ मोठी झालेली असते. म्हणजे पुरुषाची लाज त्या गाठीला वाढायला वेळ देते. त्या रात्री मी बायकोला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन महिने झाले आन् तुम्ही आता सांगता? सकाळच्या गाडीनं अमरावतीले जाऊ."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी म्हणालो, "काही नाही, गॅसची तेवढी." ते म्हणाले, "तीच दाखवा."

सात महिन्यांपूर्वी मला पंधरा दिवसांसाठी पित्ताची गोळी लिहून दिली होती. आराम पडला, म्हणून मी ती दुकानातून स्वतःच आणत राहिलो. पित्ताच्या औषधाच्या नावापुढे बारीक अक्षरे असतात, ती मी कधी वाचली नव्हती. त्या गोळीत पित्त कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होते. हे औषध पोटाची हालचाल वाढवते ते डोपामिनला अडवून. अशाच गोळ्यांत मिळणारे डॉम्पेरिडोन आणि उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड यांचेही तेच. मेंदूभोवती रक्तातल्या औषधांना अडवणारी एक भिंत असते. डॉम्पेरिडोन ती फारसे ओलांडत नाही. पण पीयूषिका त्या भिंतीच्या बाहेर बसली आहे. तिथे डोपामिनचा ब्रेक सुटतो आणि प्रोलॅक्टिन वर येते. न्यूयॉर्कमध्ये जे औषध मुद्दाम दूध आणायला दिले, त्याच जातीचे औषध मी सात महिने नाश्त्याआधी गिळत होतो.

प्रोलॅक्टिन ८४ निघाले. थायरॉइडही तपासले, कारण ते मंदावले तरी प्रोलॅक्टिन वाढते. ते ठीक होते. मूत्रपिंड आणि यकृत ठीक होते. गोळी बंद केली, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिले, प्रोलॅक्टिन ११. थेंब थांबले. ते उतरले नसते तर डोक्याचा एमआरआय करायचा होता. गाठ निघाली असती तरी तिच्यावर कॅबरगोलिनसारख्या गोळ्या आहेत. त्या डोपामिनचे काम करतात, आणि बहुतेकांची गाठ त्यांनीच आक्रसते, शस्त्रक्रिया लागत नाही.

वाचकांपैकी कोणाला, किंवा घरातल्या कोणा पुरुषाला, हे झाले तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. छातीतून पाणी किंवा दूध आले की दाबून दाबून पाहू नये, दाबल्याने ते वाढते. चालू असलेल्या सर्व गोळ्या घेऊन डॉक्टरकडे जावे. पित्ताच्या, उलटीच्या आणि मनाच्या आजाराच्याही, कारण रिस्पेरिडोनसारखी औषधे हेच करतात. मनाच्या आजाराची गोळी मात्र स्वतःहून कधीही बंद करू नये. एकाच बाजूने येत असेल, रक्ताळलेले असेल, हाताला गाठ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नये. आणि वयात येणाऱ्या मुलाची छाती थोडी फुगली तर त्याला चिडवू नये. निम्म्याहून अधिक मुलांत हे होते आणि बहुधा एकदोन वर्षांत बसते.

माझ्या लाजेचा मी पुष्कळ विचार केला. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाची कथा आहे. राणीसाठी मंतरलेले पाणी तो रात्री तहानेने पिऊन टाकतो, त्यालाच दिवस जातात आणि त्याची डावी कूस फाडून मुलगा जन्मतो. आता हा प्यायचा काय, असा प्रश्न देवांना पडतो. तेव्हा इंद्र आपले बोट त्याच्या तोंडात देतो आणि 'हा मला पिईल' म्हणतो. म्हणून त्या मुलाचे नाव मांधाता. कथाकाराने पुरुषाला गर्भ दिला, दूध मात्र दिले नाही. शरीराची गोष्ट नेमकी उलटी आहे. गर्भाशय पुरुषाला नाही, दुधाची नळी आहे.

आणि आपण तर पुरुषाला आई म्हणणारी माणसे. विठ्ठल विठाई, ज्ञानेश्वर माउली. आमच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या चांदूरजवळ, म्हणजे चांदूर बाजार तालुक्यात माधान आहे. तिथले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. वऱ्हाडाने त्यांना संत मानले, कोणी हसले तरी ते हसू टिकले नाही. वाळवंटात माउली माउली म्हणत पाया पडताना मलाही कधी संकोच झाला नाही. स्वतःच्या बनियानावर दोन थेंब दिसले आणि मी कडी लावून घेतली.

यंदा श्रावणात नातू झाला. सातव्या दिवशी सुनेने हाक मारली, "बाबा, याच्या छातीले दूध आलं." आंघोळ घालणाऱ्या बाईने तेलाची वाटी जवळ ओढली होती. मी या वेळी दारात थांबलो नाही. आत जाऊन म्हणालो, "हात नका लावू. आपोआप जाईन." बाई म्हणाली, "काका, गाठ होईन नं." माझ्या मुलाने शर्टाची वरची दोन बटणे सोडून तिला छातीवरची ती खूण दाखवली. तिने वाटी बाजूला ठेवली. तीन आठवड्यांत दूध गेले.